दारावर आधी तुझं नाव लाव

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवऱ्याची चाकणच्या कंपनीतून जर्मनीतल्या स्टुटगार्टला तीन वर्षांसाठी बदली झाली, प्रश्न विचारणारी ही मुलगी पुण्यातली आठ वर्षांची सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी सोडून सप्टेंबरात त्याच्यासोबत गेली. पहिले दोन महिने मजेत गेले. आता जानेवारी संपत आलाय आणि सकाळी उठावंसंच वाटत नाही, भाषा येत नाही, दिवसभर घरात एकटी, आणि आई फोनवर म्हणते एवढ्या चांगल्या देशात गेलीस आणि रडतेस कसली. तिनं विचारलंय, मी कमी पडतेय का, आणि हे किती दिवसांत बरं होतं.

तुला तू म्हणते गं, माझ्या मुलीच्या वयाची आहेस. मी २००३ ते २०१२ स्टुटगार्टच्या शेजारी एसलिंगेनला राहिले आणि परत आल्यापासून कोथरूडमध्ये जर्मन शिकवते, जर्मनीला निघालेल्या कुटुंबांची जायच्या आधीची तयारी करून घेते. त्यामुळं तुझा प्रश्न मला नवा नाही, दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत तो येतोच, आणि बहुतेक वेळा नवऱ्यामागून गेलेल्या बायकोकडूनच येतो. नवऱ्याला जाताक्षणी ऑफिस मिळतं, टेबल मिळतं, नावाची पाटी मिळते, दुपारी जेवायला बोलावणारी चार माणसं मिळतात. तुला मिळालं ते एक रिकामं घर. म्हणून कमी पडतेय का ह्याचं उत्तर सरळ नाही असं आहे, आणि ते मी तुझं मन राखायला म्हणत नाहीये.

कल्चर शॉक हा शब्द ज्याच्यामुळं सगळीकडं पोचला तो कालेर्वो ओबर्ग नावाचा मानववंशशास्त्रज्ञ, त्यानं १९६० मध्ये ह्याचं कारण फार सोपं करून लिहिलं होतं, की माणूस परक्या जागी घाबरतो कारण रोजच्या वागण्यातल्या ओळखीच्या खुणाच हरवलेल्या असतात. आता पुण्यात तू दिवसभरात अशा किती खुणांवर चालतेस बघ. रिक्षावाला नाही म्हणणार हे त्याच्या मानेवरूनच कळतं, भाजीवालीला कोथिंबीर वर टाक म्हणायची वेळ कुठली ते कळतं, लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंशी किती बोलायचं ते कळतं. ह्यातलं काहीच तू विचार करून करत नव्हतीस. तिथं ब्रेड विकत घेतानासुद्धा विचार करावा लागतो, आधी नमस्कार कुणी करायचा, पैसे हातात द्यायचे का त्या छोट्या ताटलीत ठेवायचे, पिशवी मागायची कशी. दिवसभर काही काम न करता संध्याकाळी थकायला होतं ना, ते ह्याच्यामुळं.

किती दिवस, तर १९५५ मध्ये स्वेरे लीसगार्ड नावाच्या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञानं अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन लोकांचा अभ्यास केला होता, त्यात सहा महिन्यांच्या आत परतलेले बऱ्यापैकी खुशीत होते, दीड वर्षापेक्षा जास्त राहिलेलेही खुशीत होते, आणि मधले सहा ते अठरा महिनेवाले सगळ्यात कमी रुळलेले. त्यावरून परक्या जागी रुळण्याचा यू आकाराचा आलेख आला. नंतरच्या अभ्यासांत सगळ्यांचं तसंच होतं असं दिसलं नाही, काहींना पहिलाच महिना जड जातो. माझ्याकडच्या बायकांचा अनुभव मात्र साधारण तसाच आहे, फक्त सप्टेंबरात गेलेल्यांचा उतार लवकर सुरू होतो कारण मध्येच हिवाळा येतो. पुणे १८ अक्षांशावर आहे, स्टुटगार्ट जवळजवळ ४९ वर. डिसेंबरात आपल्याकडं ११ तास उजेड असतो तेव्हा तिथं जेमतेम सव्वाआठ. म्हणजे तेव्हा तुला अडीच-तीन तासांचा उजेड रोज कमी पडत होता आणि जो आहे तोही ढगांतून येतोय. फेब्रुवारी संपेपर्यंत दिवस ११ तासांचा होतो, हे पक्कं आहे, तेवढं धरून राहा. तोवर दुपारी बारा ते दोनच्या मध्ये अर्धा तास बाहेर, पाऊस असला तरी. जाकीट चांगलं घे, त्यात पैसे वाचवू नकोस.

आता माझा मुख्य मुद्दा. तुझ्या दारावरच्या घंटीवर आणि खालच्या टपालपेटीवर कुणाचं नाव आहे?

मी हे सगळ्यांना पहिल्यांदा विचारते. जर्मनीत बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो, पत्र नावावर येतं. मी लग्नानंतर पासपोर्ट बदलला नव्हता, माझं आडनाव जोशी आणि पेटीवर फक्त नवऱ्याचं आडनाव. आम्हाला ते सुचलंच नाही, आपल्याकडं एका घराला एक पाटी पुरते. माझ्या व्हिसाच्या मुदतवाढीचं एका ऑफिसचं पत्र आलं, पोस्टमननं पेट्या बघितल्या, जोशी कुठं नाही, पत्र परत. मला अपॉइंटमेंट होती हेच कळलं नाही, पुढची मिळायला पाच आठवडे गेले, आणि त्या पाच आठवड्यांत मी किती रडले ते माझं मला माहीत. शेवटी तळमजल्यावरच्या आजींनी जिन्यात अडवून विचारलं, योशी कोण, पोस्टमन विचारत होता. मी स्वतःकडं बोट दाखवलं. त्या आत गेल्या, पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा आणला, कातरीनं कडा सरळ केल्या, मला पेन दिलं आणि अक्षरं मोठी काढ म्हणून खुणावलं. मग स्वतः पेटीवर अंगठ्यानं दोनदा दाबून चिकटवला. दुसऱ्या दिवसापासून त्या मला नावानं हाक मारायला लागल्या, फ्राउ योशी, म्हणजे जोशीबाई. त्या देशात माझं नाव पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यानं घेतलं होतं, चार महिन्यांत.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की परक्या गावात माणूस रुळतो तो तिथली प्रेक्षणीय स्थळं बघून रुळत नाही, तिथल्या चार ठिकाणी नावानिशी ओळखला जायला लागला की रुळतो. तुला आत्ता चार ठिकाणं उभी करायची आहेत, बाकी सगळं नंतर. तुझं आडनाव वेगळं असेल तर घंटीवर आणि पेटीवर दोन्हीकडं लाव, घरमालकाला किंवा हाउसमाइस्टरला म्हणजे इमारतीची देखभाल बघणाऱ्याला सांगून. बँकेत स्वतःचं खातं काढ, जॉइंट असलं तरी तुझ्या नावाचं वेगळं कार्ड घे. स्वतःचा हाउसआर्ट्स्ट म्हणजे फॅमिली डॉक्टर ठरव, तब्येत ठीक असतानाच, कारण आजारी पडल्यावर नवे पेशंट घेत नाही असं ऐकायला लागू शकतं. नवरा सरकारी योजनेतल्या इन्शुरन्समध्ये असेल तर न कमावणाऱ्या बायकोला त्यातच वेगळा हप्ता न भरता कव्हर मिळतं, पण कार्ड तुझ्या नावाचं वेगळं येतं, ते आलंय का बघ, नवऱ्याच्या कपाटात नको, तुझ्या पर्समध्ये पाहिजे. आणि चौथं म्हणजे एक बेकरी पकड. रोज तीच, साधारण तीच वेळ. तीन आठवड्यांनी तिथली बाई तू तोंड उघडायच्या आत ब्रेडकडं हात नेते, करून बघ.

पत्रांचं पण तसंच. सगळ्या घरांत मी एकच बघते, टपाल नवरा उघडतो कारण तो सहा महिने आधी गेलेला असतो किंवा ऑफिसात विचारायला कुणी असतं. तू ते आपल्याकडं घे. रोज एक पत्र, मोबाईलचा कॅमेरा धरून भाषांतर करून वाच आणि फाईलला लाव. महिनाभरात तुला कळायला लागेल की पत्रं मोजून पाच-सहा प्रकारचीच असतात. टॅक्स नंबरचं पत्र, त्यात ११ आकडे असतात आणि ते आयुष्यभर तेच राहतात. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं, घरटी महिना १८.३६ युरो, टीव्ही नसला तरी भरायचं, ते फसवणुकीचं वाटतं म्हणून फेकून देणारे मला दर वर्षी भेटतात आणि मग दंड भरतात. घराच्या पाणी-हीटिंगचा वर्षाचा हिशोब. इन्शुरन्स. तुला वाटेल पत्र वाचून मन कसं बरं होणार, पण ज्या घराचे कागद आपल्याला कळत नाहीत त्या घरात बाई पाहुणीसारखीच राहते.

आता जिना. तू स्टुटगार्टात आहेस म्हणजे केरवोखेला सामोरं जावं लागेल, ती त्या भागाची खासियत. केरेन म्हणजे झाडणं, आपला केर शब्द लक्षात ठेव म्हणजे विसरणार नाहीस, वोखे म्हणजे आठवडा. पाळीपाळीनं एकेका घरानं जिना झाडायचा-पुसायचा, आणि मोठ्या पाळीत बाहेरचा फुटपाथ, कचऱ्याच्या डब्यांची जागा, बर्फ पडला तर बर्फसुद्धा, साधारण सकाळी सातच्या आत. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक छोटी पाटी टांगतात. बऱ्याच ठिकाणी हल्ली बाहेरची कंपनी हे काम करते, पण तुमच्याकडं पाटी फिरत असेल तर ती टाळू नकोस, पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेऊ नकोस. शनिवारी सकाळी दहा-अकराला कर, लोकांच्या येण्याजाण्याच्या वेळी. मी पहिल्यांदा फडकं घेऊन उकिडवी बसून जिना पुसला, त्याच आजी दार उघडून बघत राहिल्या, मग लांब दांड्याचा पोछा घेऊन आल्या आणि वरच्या पायरीपासून खाली कसं यायचं ते दाखवलं, शेवटच्या पायरीवर दोघी टेकलो, त्यांनी मला पायऱ्या मोजत एक ते चौदा आकडे शिकवले. तेव्हा मी क्लासमध्ये एक महिना बसले होते आणि मला आकडे येत नव्हते.

जिन्यात कुणी चिठ्ठी लावली, रविवारी वॉशिंग मशीन लावू नका, रात्री दहानंतर आवाज नको, काचेच्या बाटल्या रविवारी कंटेनरमध्ये टाकू नका, तर ती मनाला लावून घेऊ नकोस. आपण पेठेतल्या पाट्या वाचत मोठे झालोय, येथे वाहने लावू नयेत असं लिहिणारा तुझ्यावर रागावलेला नसतो, तो त्याच्या दाराची काळजी करत असतो, तिथंही तसंच धर. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवार पूर्ण दिवस शांतता हा तिथला सर्वमान्य नियम आहे, मराठी आहे म्हणून तुला मुद्दाम लावलेला नाही. आणि रविवारी दुकानं बंद असतात, दूध-भाजी शनिवारीच आणायची, राहिलंच तर मोठ्या रेल्वे स्टेशनवरची दुकानं उघडी असतात.

कचऱ्याचं एकदा नीट शिकून घे, ओला-सुका आपल्याला सवयीचा आहे, त्यात पॅकिंगचं, कागदाचं आणि काचेचं वेगळं एवढंच वाढलं. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटल्या आणि कॅन फेकू नकोस, प्रत्येकी २५ सेंट परत मिळतात, दुकानातल्या मशीनमध्ये घातल्या की पावती येते.

स्वयंपाकघराबद्दल थोडं जास्त लिहिते कारण घर पहिलं तिथून आपलं वाटायला लागतं. कुकर आणि मिक्सर चालतात, व्होल्टेज आपल्यासारखंच आहे, फक्त पिन बदलायची. फोडणी देताना धुराचा अलार्म वाजतो म्हणून तो काढून ठेवणारे आहेत, तसं करू नकोस, तो कायद्यानं बसवलेला असतो. खिडकी आधी उघड, मोहरी मध्यम आचेवर तडतडू दे, दार लावून घे. आणि खिडकी नुसती तिरपी करून दिवसभर ठेवायची नाही, दिवसातून तीन-चारदा सगळ्या खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा बदलायची, ल्युफ्टन म्हणतात त्याला. आपल्या घरात भात शिजतो, आमटी उकळते, कपडे आत वाळतात, ती सगळी वाफ बाहेरच्या थंड भिंतीवर जाऊन बसते आणि पलंगामागं काळी बुरशी येते, घर सोडताना त्याचे पैसे डिपॉझिटमधून कापले जाऊ शकतात. दहा-पंधरा युरोचा आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर मिळतो, ४० ते ६० टक्क्यांच्या मध्ये ठेव.

पोहे आणि कणीक आशियाई दुकानात मिळतात. रवा कुठल्याही सुपरमार्केटमध्ये वाइखवाइत्सेनग्रीस नावानं मिळतो, त्याचा शिरा छान होतो. कोलराबी म्हणजे आपला नवलकोल. हॉक्काइडो नावाच्या केशरी भोपळ्याचे घारगे कर, गोड असतो तो मुळात. आणि क्वार्क, म्हणजे आपल्या चक्क्यासारखा तिथला प्रकार. ४० टक्के फॅटवाला घे, मागरक्वार्क म्हणजे फॅट काढलेला नको, तो कोरडा आणि आंबट लागतो. स्वच्छ फडक्यात रात्रभर टांग, सकाळी साखर, वेलची, केशर घालून फेट. चक्का लावायचे श्रम नाहीत आणि श्रीखंड असं होतं की पहिल्यांदा केलं तेव्हा मी वाटी घेऊन खालच्या आजींकडंच गेले. त्या म्हणाल्या हा आमचाच क्वार्क आहे हे खरं वाटत नाही.

भाषा. घरबसल्या ॲपवर तीन महिने शिकलीस तरी बेकरीत तोंड उघडत नाही, हे मी शिक्षिका म्हणून सांगतेय. फोल्क्सहोखशूले म्हणून प्रत्येक शहरात प्रौढांसाठी शिकवणी केंद्र असतं, फी परवडणारी, आठवड्यातून चार-पाच सकाळी असलेला वर्ग निवड, संध्याकाळचा नको, तुला सकाळी उठायला कारण हवंय. वर्गात सीरिया, युक्रेन, ब्राझील, तुर्कस्तानच्या बायका असतील, त्यांचं जर्मन तुझ्याइतकंच मोडकं असेल, आणि त्यामुळंच त्यांच्याशी बोलायची लाज वाटत नाही. माझ्या पहिल्या मैत्रिणी अशाच झाल्या. आजूबाजूची माणसं श्वेबिश ही त्या भागातली बोली बोलतात, पुस्तकातल्यासारखं येत नाही म्हणून खचू नकोस, चंदगडची बोली पुण्यात पहिल्यांदा ऐकली तर आपल्यालाही क्षणभर कळत नाही.

मराठी मंडळात जा, गणपतीला, संक्रांतीला जा, हळदीकुंकवाला बोलावलं तर आवर्जून जा. फक्त आठवड्याचे सगळे दिवस तिथंच गेले असं होऊ देऊ नकोस, मी असे लोक बघितलेत की सात वर्षांनी परत आले आणि शेजाऱ्याचं नाव सांगता येत नाही. एक फेराइन पकड, म्हणजे नोंदणी केलेलं मंडळ, अशी त्या देशात सहा लाखांच्या आसपास आहेत, गाणं, बागकाम, बॅडमिंटन, विणकाम, काहीही. जर्मन माणूस ओळखीचा व्हायला वेळ लागतो कारण तो कामाशिवाय गप्पा मारायला येत नाही, पण दर मंगळवारी सातला एकत्र काहीतरी केलं की सहा महिन्यांत तोच तुला विमानतळावर सोडायला येतो.

आईशी फोन. तू उठतेस आठला, पुण्यात साडेबारा वाजलेले असतात, आईचं काम आवरलेलं असतं, आणि मग अंथरुणातूनच दोन-अडीच तास व्हिडिओ कॉल, बरोबर? फोन बंद कर म्हणत नाही. वेळ ठरव, बाहेरून आल्यावर, बेकरी आणि चालणं झाल्यावर. आईला तू रडतेस हेच दिसतं कारण तू दिवसाच्या सगळ्यात वाईट तासाला फोन करतेस. आणि तिला हेही सरळ सांग की नोकरी सोडून आलेय, त्याचं वाईट वाटतंय, देशाबद्दल तक्रार नाही. खरं दुःख बहुतेक तिथंच आहे, आठ वर्षं कमावलेली ओळख तू नवऱ्याच्या बदलीसाठी ठेवून आलीस. नवऱ्यालाही हे ह्याच शब्दांत सांग, त्यानं उपाय सुचवू नये, फक्त ऐकून घ्यावं असंही सांग. घरखर्चातून तुझ्या खात्यात दर महिन्याला ठराविक रक्कम जाऊ दे, मागायला लागू नये.

नोकरीचं म्हणशील तर तुझं रेसिडन्स कार्ड आणि त्यासोबतचा कागद वाच, कुटुंब म्हणून गेलेल्यांना सहसा काम करायची परवानगी असते, तिथं तसं लिहिलेलं असतं. आनाबिन नावाच्या सरकारी यादीत तुझं विद्यापीठ आणि डिग्री तिथं मान्य आहे का ते बघून ठेव. पण माझं मत विचारशील तर मे महिन्यापर्यंत भाषा आणि ही चार ठिकाणं, अर्ज त्यानंतर, आत्ताच्या मनःस्थितीत आलेला प्रत्येक नकार दुप्पट लागेल.

एक गोष्ट मात्र थांबायची नाही. सलग दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन नाही, किंवा जगणं नको असे विचार येत असतील तर मार्चच्या उन्हाची वाट बघू नकोस. हाउसआर्ट्स्टकडं जा, इंग्रजी बोलणारे बरेच असतात. ११६११७ ह्या नंबरवर दवाखाना बंद असताना डॉक्टर मिळतात आणि मानसोपचाराची पहिली भेटसुद्धा ठरवून मिळते. तातडीचं असेल तर ११२. मराठीतूनच बोलायचं असेल तर पुण्यातले बरेच समुपदेशक ऑनलाइन वेळ देतात, तेही सुरू कर, दोन्ही चालतं.

आणखी दोन तारखा. भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्स तिथं राहायला गेल्यापासून सहाच महिने चालतं, म्हणजे तुझं मार्चमध्ये संपतंय, पुढं थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, थिअरी इंग्रजीत देता येते, गाडी चालवायची असेल तर आत्ताच ड्रायव्हिंग स्कूलला चौकशी कर. आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढं जातं, पुण्याशी साडेचारचा फरक साडेतीनवर येतो, संध्याकाळी साडेसातपर्यंत उजेड असतो, आईच्या फोनची वेळ तेव्हा दोघींनी पुन्हा ठरवा.